दारातल्या पेरूचं पाणी

आमच्या घरात हट्टी माणसं दोन, आणि दोघांच्या हट्टाचं ओझं तिसऱ्याच्या डोक्यावर. तो तिसरा माणूस म्हणजे मी, ऐश्वर्या, या घरची सून. पहिले हट्टी माझे सासरे नरसिंग, त्यांना मी मामा म्हणते. दुसरी त्यांची लेक पल्लवीताई, पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. बापलेकीचं बोलणं तीन वर्षं बंद होतं, पण एकमेकांची खबर मात्र दोघांनाही रोज हवी. मामा माझ्याकडे न बघता विचारायचे, "पुन्याकडं पाऊस हाय का?" आणि ताई फोनवर म्हणायची, "घरी समद्यांच्या तब्येती बऱ्या ना?" समदे म्हणजे कोण, हे मला बरोबर कळायचं. गावाचा मोबाईलचा टॉवर वेशीबाहेर असतो, आमचा घरातच होता, आणि तो पोळ्याही लाटायचा.

भांडण झालं होतं पेरूवरून. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण तसंच आहे.

आमच्या दारात पेरूचं एक जुनं झाड होतं. ताईनं लहानपणी लावलेलं, आतून लाल, बिया दाताखाली कडकड वाजणाऱ्या. त्याच्या फांदीवर बसून ती दहावीचा अभ्यास करायची, नर्सिंगला नंबर लागल्याचं तिला त्याच फांदीवर कळलं. माझं लग्न झालं त्या वर्षी मामांनी पुढं एक खोली वाढवायला काढली आणि झाड मधे येतं म्हणून एका सकाळी तोडलं. कुणाला विचारलं नाही. मामा रिटायर लाईनमन. जोडायचं असो की तोडायचं, खांबावर चढून माणूस एकट्यानंच करतो, त्यांना विचारायची सवयच नव्हती. ताई नव्या खोलीला पडदे घेऊन आली आणि दारातच थांबली.

"माहं झाड कुठं हाय?"

"झाडाचं काय घिऊन बसली? दुसरं लावू."

"मंग त्या दुसऱ्याला पेरू लागतील, तवाच येते मी."

"नको येऊ," मामा म्हणाले.

मी नवी नवरी, हातात चहाचा ट्रे. ताईनं पडदे ओट्यावर ठेवले आणि आल्या पावली वसमतच्या जीपमधे बसली. चहा निवला. 'नको येऊ' हे दोन शब्द मामांना नंतर किती टोचले असतील ते त्यांनाच माहीत, पण परत घ्यायला जीभ वळली नाही.

जीभ वळली नाही तरी पाय वळले. पावसाळा लागताच मामांनी उरलेल्या अंगणात खड्डा घेतला. जागा एकाच झाडापुरती होती आणि आमच्या कुरुंदा गावात कुणाच्या दारात खड्डा दिसला की सल्ला फुकट मिळतो. कुणी म्हणालं आंबा लावा, सावली पडंल. कुणी म्हणालं आंब्याची मुळं भिंत उचलतील, लिंबू लावा, रोज उपयोगी. पपई वर्षात फळ देते, सीताफळाला पाणी लागत नाही, चिकूला अळी नाही. मामांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कुणाचंच ऐकलं नाही. वसमतच्या नर्सऱ्या हिंडले. नर्सरीवाला मोठ्या पांढऱ्या पेरूचं कलम दाखवायचा, एकेक फळ तांब्याएवढं लागतं म्हणायचा. मामांचा प्रश्न एकच, "आतून लाल हाय का?"

माझा नवरा रत्नपाल वसमतला हळदीच्या मार्केटात कामाला आहे, मामांना गाडीवर तोच न्यायचा. तो म्हणाला, "माह्यासाठी पोरगी बघायला बाबा एकाच घरी गेले अन् हो म्हनून आले. पेरूसाठी तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या." मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. पण झाड कुणासाठी आहे, हे त्या दिवशी मला पक्कं कळलं. मामा मात्र विचारणाऱ्याला सांगायचे, "दारात एखादं झाड आसावं."

कलम चांगलं जोमानं वाढलं. तिसऱ्या पावसाळ्यात त्याला पेरू लागले. मामांनी पहिला पेरू विळीवर स्वतः कापला. आतून लाल निघाला. मामांचा चेहरा असा खुलला की मला त्यांचा राग करायला लाज वाटली. मग लालात पांढरं काहीतरी वळवळलं. पावसाळ्यातला पेरू तो, अळ्या आल्याच. मामांनी अळीची बाजू काढली आणि उरलेला पेरू मिठाशिवाय खाल्ला.

मी ताईला फोन लावला. "लागले बरं का पेरू. लाल हाईत."

तिनं किती, केवढे ते आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, "आता दवाखान्यात पेशंट खाली जमिनीवर झोपून राहिलेत, सुट्टी कोन देतंय. मला डिसेंबरात मिळंल. डिसेंबरात लागतात का?"

मी तशीच अंगणात ओरडले, "मामा, डिसेंबरात पेरू लागतात का?" त्यांनी कपबशी खाली ठेवली, चप्पल घातली आणि तांड्यावर थावराभाऊकडे गेले. थावराभाऊची पेरूची बाग आहे.

थावराभाऊ दुसऱ्या दिवशी झाड बघायला आला. म्हणाला, "भाऊ, यंदाच्या डिसेंबरात न्हाई व्हायचं, पुढच्या वर्षी व्हईल. पावसाळ्याची फळं सोडून द्या. पुढच्या उन्हाळ्यात ह्याचं पाणी तोडा. पार पानं गळू द्या. झाडाला धाक बसला पायजे. मंग मिरगात खनून शेनखत घाला, पाणी सोडा. फुलावर फूल यील, अन् थंडीत फळं. गोड, बिनअळीची."

"मरनार तर न्हाई?"

"मरत न्हाई. तकलीफ होते, पन मरत न्हाई."

पेरू पुढच्या डिसेंबरात, असं मी ताईला कळवलं, ती म्हणाली, मंग मी बी तवाच. एप्रिल उजाडला. गावभर अंगणाअंगणांत शिजवलेली हळद वाळत पडलेली, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी मामा दरवर्षीप्रमाणे विहारासमोर बोलले. त्यांचा विषय ठरलेला, चवदार तळं. बोलतात फार चांगलं, पाण्याला हात लावायच्या हक्काचं सांगताना त्यांचा आवाज अजून भरून येतो. टाळ्या पडल्या. घरी आले, निळा फेटा खुंटीला अडकवला आणि आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून पेरूला पाणी बंद. एक तांब्या बी न्हाई. कोनी घातलं तर माह्याशी गाठ हाय."

माझ्या सासूबाई, चतुराबाई, दारात उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी झाडाकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या. तशाही त्या कमीच बोलतात. तीन वर्षांच्या भांडणात त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

मे लागला. थावराभाऊच्या बागेतली झाडं उघडी पडली, आमचा पेरू हिरवागार. उलट त्याला पांढरी फुलं यायला लागली. मामा रोज सकाळी झाडाखाली उभे राहून पानं गळायची वाट बघायचे. नळाची पाईप फुटली असेल म्हणून त्यांनी अंगण उकरलं. पाईप धड होती. शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी झिरपत असेल म्हणून शेजाऱ्याशी वाकडं घेतलं. मी स्वयंपाकघरातून हे सगळं बघत होते आणि ओठ दाबून बसले होते, कारण मला कारण ठाऊक होतं. दुपारी मामा आडवे झाले की आत्याबाई तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पिण्याच्या माठातला तांब्या पदराआड धरून बाहेर जायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मला वाटलं, म्हातारपणाची माया.

शेवटी मामांनी थावराभाऊला बोलावलं. त्यानं बुडाशी बोट खुपसलं, ओल बघितली आणि हसला. "भाऊ, तुमच्या घरातलं कोनीतरी झाडाच्या बाजूनं हाय."

तो गेला आणि मामा माझ्यावर गरजले. "तूच! तुलाच पेरूची घाई व्हती. काहून केलं असं?"

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. "मामा, तुमच्या घरात काही बिघडलं की पहिल्यांदा सूनच सापडते व्हय? मी पोळ्या लाटू, फोन लावू, का झाडावर पहारा देऊ?"

"तिला बोलू नका," आतून आवाज आला. आत्याबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. आज पदराआड धरला नव्हता. "म्या घातलं. रोज घालते."

मामांचा आवाज खाली आला. "अगं, पन डिसेंबरात लेक यायची म्हून तर..."

"मला ठाव हाय काहून करून राहिले तुमी. पन माह्याच्यानं होत न्हाई." आत्याबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. "बाहत्तरच्या दुष्काळात मी लहान व्हते. मायसंगं हिरीवर जायची. आमाला हिरीला हात लावायचा न्हाई, लांब उभं ऱ्हायचं, कोनी वरून वतंल तवा घ्यायचं. कोनाच्या मनात आलं तर वतायचे, न्हाई तर उद्या या म्हनायचे. हिरीत पाणी व्हतं. म्या वाकून बघितलं व्हतं, चमकत व्हतं. पाणी नसलं तर माणूस सोसतं हो. असून देत न्हाईत, ते सोसत न्हाई. माय रिकामी घागर घिऊन घरी यायची अन् आमाला म्हनायची, झोपा." त्यांनी पेरूकडे बघितलं. "हे झाड बोलत न्हाई, दारात उभं हाय. घरात माठ भरलेला हाय. त्याला तसं उभं करून मिळालेलं फळ माह्या लेकीला नको. मला बी नको."

मग आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तिला बी तुमी तसंच उभं केलं. एक शब्द द्यायचा व्हता. व्हता तुमच्याजवळ. देला न्हाई."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या बाईसोबत मामांनी संसार केला, तिनं ही विहिरीची गोष्ट त्यांना कधी सांगितली होती की नाही, कोण जाणे. मला तर त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, पहिल्यांदाच ऐकत होते. दरवर्षी विहारासमोर बोलणारा माणूस घरातल्याच बाईला कधी विचारत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मामांचा रागही आला, दोन्ही एकदम.

मामांनी आत्याबाईंच्या हातातला तांब्या घेतला आणि पेरूच्या बुडाशी ओतला. मग आत जाऊन बादली भरून आणली, तीही ओतली. हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे हात पुढं केला. "फोन दे."

मी नंबर लावायला लागले. त्यांनी मोबाईल काढून घेतला आणि स्वतः आकडे दाबले. तोंडपाठ होता. तीन वर्षांत एकदाही न लावलेला नंबर तोंडपाठ होता!

"पल्लू," ते म्हणाले. दुसऱ्या हातानं पेरूची फांदी धरली. "पल्लू, डिसेंबरात पेरू न्हाई लागनार. तुह्या मायनं पाणी तोडू देलं न्हाई. बराबर केलं तिनं. पावसाळ्यात लागतील, अळ्याचे." त्यांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. "पेरूचं जाऊ दे. तू अशीच ये. म्या चुकलो."

तिकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. मामांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. "रडून राहिली. बोल तू," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. टॉवरला शेवटपर्यंत सुट्टी नाही.

ताई त्याच आठवड्यात आली. डिसेंबराशिवाय सुट्टी मिळत नाही म्हणणारी बाई भर मे महिन्यात कशी आली, हे मी विचारणार होते. आत्याबाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. जीपमधून उतरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं, चेहरा लालबुंद. दारात आली आणि तीन वर्षांपूर्वी थांबली होती तिथंच थांबली. समोर पेरू होता, हिरवा, फुलांनी भरलेला, एकही फळ नसलेला.

आलेल्या माणसाला पाणी द्यायचं काम आमच्याकडे बायकांचं. आत्याबाई तांब्या घेऊन निघाल्याही होत्या. मामा उठले, त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि बाहेर गेले. ताई उभ्यानंच घटाघट अर्धा तांब्या प्यायली. उरलेलं पाणी तिनं पेरूच्या बुडाशी ओतलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी पेरूसाठी थांबले न्हवते."

"मला ठाव हाय," मामा म्हणाले.

ठाऊक होतं तर तीन वर्षं काय केलंत दोघांनी, असं विचारायला माझी जीभ वळवळली. पण ताईनं रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला होता, तिची तहान भागलेली नव्हती. मी तो भरून आणायला आत गेले.