उचलून दाखवा मला!

मी टेबल टेनिसचं टेबल बोलतोय, आणि आज मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

सुतारानं माझ्या पाठीवर हिरवा रंग चढवून पांढऱ्या रेघा मारल्या, तेव्हाच मी ताठ झालो. विद्यापीठाच्या जिमखान्यात आलो. काय दिवस होते! पोरं घामाघूम व्हायची, एका गुणावरून हमरीतुमरीवर यायची आणि गळ्यात गळे घालून बाहेर पडायची.

पुढे तास आणि प्रयोग संध्याकाळपर्यंत लांबले. जिमखान्याला मात्र पाचलाच कुलूप. माझ्यावर मोडक्या खुर्च्या चढल्या. जिमखान्याचे साहेब पाहुण्यांना सांगायचे, "हल्लीच्या पोरांना व्यायाम नकोच. मोबाइलमधून डोकं वर काढतील तर शपथ!"

अहो, पण कुलूप कुणी लावलं?

रसायनशास्त्राची एक मुलगी रोज खिडकीच्या गजांतून मला बघायची. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून मैत्रिणी तिला ढापणी म्हणत. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून तिची पाठ भरून यायची. शेवटी ती साहेबांपुढे उभी राहिली.

"सर, जिमखाना सातपर्यंत उघडा ठेवा ना."

"कशाला? कोण येतंय?"

"बंद दाराशी कोण येणार, सर?"

"जास्त शहाणपणा नको. तिथं आता बैठकीची खोली होणार आहे. ते टेबल भंगारात चाललंय."

भंगारात! माझ्या फळ्या अजून सागासारख्या टणक होत्या. संतापानं मी नुसता धुमसत होतो.

दुसऱ्या दिवशी हमाल मला घेऊन निघाले. पायरीवर आपटून माझा एक पाय मोडला. नेमकी तेव्हाच प्रयोगशाळा सुटली होती. ढापणी धावत आली.

"काका, थोडं टेका की. जाता जाता एक डाव होऊ दे."

हमालांनाही दम लागला होता. त्यांनी मला साहेबांच्या दारासमोरच टेकवलं. मोडक्या पायाखाली विटा आल्या, नेट म्हणून ओढणी ताणली गेली, कुणाच्या तरी पिशवीतून बॅट-चेंडू निघाले, आणि कित्येक वर्षांनी पाठीवर चेंडू टणाटण उडू लागला. अंगात वारं भरलं माझ्या! बघता बघता व्हरांडा पोरांनी भरून गेला.

साहेब तणतणत बाहेर आले. "काय तमाशा चाललाय?"

घाम पुसत ढापणी म्हणाली, "पोरं येत नाहीत म्हणत होतात ना, सर? ही बघा, आलीत."

"उचला ते टेबल!"

हमाल जागचे हलले नाहीत. एक म्हणाला, "साहेब, आता आमचा नंबर आहे."

जिमखाना गेलाच. तिथं गुबगुबीत खुर्च्या आल्यात. मी मात्र व्हरांड्यातच ठाण मांडलंय. उन्हानं रंग उडालाय, पण पाठीवर रोज डाव रंगतात. मला हटवायचे हुकूम अजून निघतात.

मला न्यायचं असेल, तर खुशाल या. फक्त चालू डाव संपू द्या. तो संपायच्या आत पुढची जोडी बॅट घेऊन उभी असते, एवढं मात्र ध्यानात असू द्या.