शेवटची सात नावं

नवे साहेब रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी टर्मिनलवर एक कमांड चालवली आणि कोडमध्ये कोणी किती बदल केले याची यादी भिंतीवरच्या पडद्यावर झळकवली.

"ही शेवटची सात माणसं ऑफिसात कधी दिसत नाहीत, आणि कामही चिमूटभर. सातही जणांना घरी पाठवा!"

यादीत नावं पंधरा, टीम नऊ जणांची. मोजण्याचा एवढा सोस, पण समोरची माणसं मोजायची राहिली होती. सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्का तिथली सगळ्यात जुनी प्रोग्रामर. दर नव्या कॉम्प्युटरवर ती घाईघाईत आपलं नाव वेगळंच टाकायची: कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी नुसतं 'अक्का'.

"सरका जरा," म्हणत तिनं कीबोर्ड पुढ्यात ओढला. ही सातही नावं एकाच बाईची आहेत, एवढंच तिनं एका छोट्या फाइलीत लिहिलं आणि साहेबांचीच कमांड पुन्हा चालवली. आता यादीत नऊच नावं होती, आणि अक्काचं सगळ्यात वर.

अक्कानं शांतपणे पर्स खांद्याला अडकवली.

"येतो हं साहेब, आम्ही सातही जणी."