तीन नाथाजींची ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. पण तुम्ही कोण? कुणाचे? आणि माझ्या कडीकडे असे टक लावून का बघताय? राग मानू नका. माझा जन्मच राखणीसाठी झालाय, त्यामुळे आलेल्या पाहुण्याचे मी आधी हात बघते, मग तोंड.

शंभर वर्षांहून जास्त काळ झाला. लोणंदच्या बाजारात रसूल पत्रेवाल्याने मला घडवलं. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकल्या, आतून निळा रंग दिला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "नाथाजीराव, हिच्या पोटातलं हिलाच ठावं ऱ्हाईल. किल्ली तेवढी सांबाळा." हे गिऱ्हाईक म्हणजे फौजेत निघालेले नाथाजी. रसूलने झाकणावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलं, 'नाथाजी ज्योतिबा'. त्या नावासोबत मी आगगाडीत बसले, बोटीत बसले आणि पहिलं महायुद्ध पाहून आले. बोटीवरचे उंदीरसुद्धा मला चोर वाटायचे. ते होतेही!

नाथाजी एक पदक आणि एक फोटो घेऊन परतले. फोटोत भरघोस मिशा, छातीवर पदक. पुढे एकोणतीस साली ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलाला, ज्योतिबाला, मुलगा झाला. आमच्याकडे आजाचं नाव नातवाला ठेवतात, तसं बाळाचं नाव नाथाजी ठेवलं. म्हणजे बघा, आजोबा नाथाजी ज्योतिबा आणि नातूही नाथाजी ज्योतिबा. नातू मोठा होऊन फौजेत निघाला तेव्हा माझ्यावरचं नाव पुन्हा रंगवायची गरजच पडली नाही. घरचे कौतुकाने म्हणाले, "ट्रंक त्याचीच वाट बघत हुती!" मी फुगून गेले. तिथेच माझं चुकलं.

घरात मात्र धाकट्या नाथाजींना सगळे बापू म्हणत. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, थोरल्यांचं तर नाहीच नाही. बापूंची बायको मनुबाई. तिच्या वाट्याला एकाच नावाची दुहेरी बंदी आली. तिने ते नाव जन्मात कधी उच्चारलं नाही.

बापू फौजेतून परतले आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. गावाची विहीर आणखी खोल खणायचं काम चालू होतं. एका दुपारी विहिरीची कड ढासळली. खाली सात माणसं अडकली. वरून माती सुटतच होती, कुणी पुढे होईना. बापू कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून उतरले. सात वेळा खाली गेले आणि सातही माणसं जिवंत वर आणली. पाठीला जो मार बसला तो बापूंना मरेपर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवशी त्या सात जणांच्या बायका आमच्या दारात आल्या. दुष्काळात घरात दाणा नव्हता, पण प्रत्येकीच्या हातात एकेक खण होता. सातही जणींनी मनुबाईची ओटी भरली. त्यातली अंजना म्हणाली, "वैनी, आमचं कुक्कू तुमच्या धन्यानं राखलं." मनुबाईने ते खण कधी शिवले नाहीत. माझ्या तळाशी वर्तमानपत्राखाली ठेवले. बापू गेल्यावरही, अंगात बळ होतं तोवर, ती वर्षातून एकदा ते उन्हाला दाखवायची आणि पुन्हा मोजून ठेवायची.

बापूंच्या नातवाचं नावही नाथाजीच आहे. तोही सध्या फौजेत आहे, पण चाकांची बॅग ओढत गेला. मी माळ्यावर पडले. माझी कडी गंजली, कोळ्यांनी घर केलं. कुणी विचारेना, तसा माझा संशय वाढत गेला.

आणि अशात एका सकाळी पंचायतीचा सदस्य वीरधवल आला. विहिरीवर स्मारकाचा दगड बसवायचा होता. त्याने मला खाली घेतलं, धूळ झटकली, मोबाईलवर माझा फोटो काढला. मी मनात म्हटलं, हा नक्कीच काहीतरी लांबवणार! झाकण कसंबसं उघडलं, तर वरच पदक आणि मिशांचा फोटो. तो आणखी खाली हात घालू लागला, तशी मी झाकण सोडलं आणि त्याच्या बोटांवर आपटलं. हो, मुद्दाम! त्याने हात मागे घेतला आणि मिशांच्या फोटोचा, त्यामागे लिहिलेल्या जन्मसालासकट, मोबाईलवर फोटो काढला.

"आज्जी, हिरीतनं सात माणसं काढली ती ह्येच न्हवं?" झाकणावरच्या नावावर बोट ठेवून त्याने विचारलं.

"व्हय," मनुबाई म्हणाली. नाव तर बरोबर होतं. कोणता नाथाजी, हे त्याने विचारलं नाही आणि तिला सांगता आलं नाही.

आठ दिवसांनी दगड अंगणात आला. मनुबाई पदर सावरून बघायला गेली आणि जागीच थबकली. दगडावर मिशांचा चेहरा कोरला होता. तिची नात शिवांजली फलटणला कॉलेजात शिकते. तिने वाचलं, "पहिल्या महायुद्धातील वीर नाथाजी ज्योतिबा, जन्म १८८८. यांनी १९७२ साली सात जणांचे प्राण वाचवले." चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा विहिरीत कसा उतरला, हे अख्ख्या पंचायतीत कुणाला खटकलं नव्हतं!

"आरं, ह्ये माजं आजंसासरं," मनुबाई म्हणाली. "मी ह्या घरात यायच्या लय आदीच गेल्यालं."

"आवं आज्जी, ट्रंकंवर नाव हाय, आत पदक हाय. आणिक काय पुरावा पायजे?" वीरधवल म्हणाला. तो खोटा माणूस नव्हता, मित्रांनो. खोटी साक्ष मी दिली होती. ज्याच्यावर संशय घेतला तो प्रामाणिक निघाला, आणि बापूंचं आयुष्य आजोबांच्या नावावर चढलं ते माझ्यामुळे.

मनुबाई तडक वळली. आत आली. माझी कडी निघेना, तेव्हा तिने खलातला बत्ता आणून एक घाव घातला. शंभर वर्षांत माझ्यावर असा हात कुणी टाकला नव्हता. पण त्या दिवशी मी स्वतःहून उघडले असते, जमलं असतं तर. तिने सात खण अंगणात नेऊन दगडावर मांडले आणि शिवांजलीला अंजनाबाईकडे पिटाळलं.

अंजनाबाई काठी टेकत आली. खण एकेक करून बघितले आणि एक उचलून छातीशी धरला. "ह्यो माजा. वीरधवल, त्या दिशी माजं मालक हिरीत हुतं. त्यास्नी वर आणलं बापूनं. ह्या मिशावाल्यांनी न्हाई."

वीरधवल ओशाळला. "चुकलं माजं. पर आज्जी, पाथरवटाला काय सांगू? नाव तर त्येच हाय."

मनुबाईने खण एकावर एक रचले. मग मान वर करून सगळ्यांसमोर म्हणाली, "नाथाजी. माज्या नवऱ्याचं नाव नाथाजी."

शिवांजली रडायला लागली. मलाही रडू आलं असतं, पण पत्र्याला रडून कसं चालेल? अजून गंज चढायचा.

आता विहिरीवर नवा दगड आहे. त्यावर चेहरा नाही, कारण बापूंचा एकही फोटो घरात नाही. लिहिलंय, 'नाथाजी ज्योतिबा, मनुबाईंचे पती'.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. माझ्या कडीला तेल घाला, ते मला आवडतं. पण माझ्यावरचं नाव वाचून सगळं कळलं असं समजू नका. शेजारी जी म्हातारी बसलेली असते, तिला विचारा. आणि उशीर करू नका. त्या सात जणींतली शेवटची अंजनाबाई गेल्या उन्हाळ्यात वारली. वीरधवल आठ दिवस उशिरा आला असता, तरी चाललं असतं. एक वर्ष उशिरा आला असता, तर ते खण कुणाचे, याची मनुबाईच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्याशिवाय कुणीच उरलं नसतं, आणि मला तर बोलता येत नाही.