आबांच्या बांधाची मोजणी

आबा जाऊन सहा महिने होत नाहीत तोच विरुपाक्षआप्पांनी बांधाच्या मोजणीचा अर्ज टाकला आणि माझं डोकं सणकलं. आप्पांचं सिरसाळ्यात किराणा दुकान, आणि रान आमच्या रानाला लागून. आमचा बांध त्यांच्यात पाच फूट सरकलाय, असं त्यांचं म्हणणं.

पाच फुटांचं मला दुःख नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील धुळाजी, स्वतः मोजणीदार होते. सतरा वर्षं फौजेत काढली, तिथं नकाशे वाचायला शिकले आणि परत आल्यावर मोजणी खात्यात लागले. दिंद्रुडपासून वडवणीपर्यंत कितीतरी भावकीची भांडणं त्यांच्या साखळीनं मिटवली. मोजणीच्या दिवशी कुणाचा चहा नाही, पाणीसुद्धा फौजेतल्या बाटलीतलं. मावशीच्या गावात मोजणीला गेले तर तिच्याही दारात थांबले नाहीत. ती वर्षभर रुसली होती. रिटायर झाल्यावर सहा एकरांत राबले. शेवटची नऊ वर्षं गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं आणि रान माझ्या हाती आलं.

आता पारावर लोक बोलायला लागले, "गावाला मोजून दिलं अन् सोताचं वाढवून घेतलं." मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मी भेटेल त्याच्याशी भांडत सुटलो.

"मोजू दे की. तू कावून तापतूस?" माझी आई रतनबाई म्हणाली.

"बांध सरकलेला निघाला तर आबाचं नाव जाईल, माय."

मोजणीच्या दिवशी निम्मं गाव रानात. मोजणीच्या मॅडम काठीवर बसवलेलं नवं यंत्र घेऊन आल्या. हरभरा घाट्याला आला होता. मॅडम बांधावरून उतरून आमच्या हरभऱ्यात चालत आल्या, थांबल्या आणि खुंटी ठोकली. पुरे पाच फूट आत. कुणीतरी मागं हसलं. आप्पा मात्र खाली बघत होते.

माय खुंटीपाशी बसली. म्हणाली, "हितं खांद."

मी खोरं मारलं. हातभर खाली कोळसा लागला, मग चुना, मग फुटक्या कौलांची खापरं.

"आपली मोजणी त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली," माय सगळ्यांना सांगू लागली. "पर दगड सोता रोवला. रोवायच्या आधी खाली ह्ये घातलं. म्हणायचे, दगड कुणीबी उपटतंय, कोळशाला कोण हात लावतंय?"

मॅडमनी वाकून बघितलं. "जुनी खूण बरोबर हद्दीवर आहे. पण वरचा दगड कुठंय?"

"खूण बरोबर आसंल, पर बांध म्हाताऱ्यानंच सरकवला," मागं हसणारा बोलला.

दगड कुठं होता ते मला ठाऊक होतं. सात वर्षांमागं तो नांगराला अडकला, मी शिव्या देत उपटला आणि विहिरीच्या कडेला टाकला. दर साली ट्रॅक्टरनं बांधाला चाटून एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचं मारायचो आणि बांध तेवढा आप्पांच्या रानात सरकायचा. सगळेच मारतात. ज्या नावासाठी मी गावभर भांडत फिरलो, त्याला बट्टा मीच लावला होता.

"मी सरकवला," मी म्हणालो. "आबांनी न्हाई. दगडबी मीच उपटला. आप्पा, जमीन तुमची हाय. माफ करा."

कुणी हसलं नाही. आबा गेल्यापासून एवढं हलकं मला वाटलं नव्हतं.

"हरभरा तू पेरलास, काढून घे. मंग बांध घालू," आप्पा म्हणाले. मग जवळ येऊन हळूच बोलले, "तू तास मारतूस ते मी सात साल बघतच व्हतो, बजरंग. पर अर्ज टाकला आसता तर म्हाताऱ्याला पोराचं कळलं आसतं. ते जाईपतुर थांबलो."

मला रडू फुटलं. गावासमोर, चाळिशीतला बाप्या, पण आवरेना.

रडतच विहिरीकडं गेलो. दगड एकट्याला उचलेना. मागून आप्पा आले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली.