दोन दंडांची दोन मापं

या बायांनो, बाप्यांनो, जवळ सरका. तिकडे पंख्याखाली बसलेल्यांनीही सतरंजीवर पुढे या, कारण ही गोष्ट माईकवरून सांगण्यासारखी नाही. कीर्तनात बुवा देवाची कथा सांगतात आणि आपण डोळे पुसून घरी जातो. आज एका आईची कथा ऐका. डोळे पुसायची घाई मात्र करू नका.

दिंडोशीच्या एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, सुगंधाबाई परब राहतात. मूळच्या कुडाळकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्याला बारा वर्षं झाली. मुलगा राजेश गोदामात सुपरवायझर, तीन वर्षांपूर्वी घरात आलेली सून क्षमा एका लॅबच्या काउंटरवर. घरात दर गुरुवारी भजन. टाळ सुगंधाबाईंच्या हातात आणि पखवाजाला राजेश. काय हात त्या मुलाचा! दारू नाही, तंबाखू नाही, सोसायटीच्या पूजेला सगळ्यांच्या आधी हजर. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा.

तेच हात घरी क्षमावर उठायचे. कधी कानफटात, कधी केस धरून डोकं भिंतीवर. एकदा चार्जरची वायर, एकदा कुकरचं झाकण. आवाज झाला की शेजारच्या घरांतल्या मालिका मोठ्या व्हायच्या. आणि सुगंधाबाई काय करायच्या? मोबाइलवर नामाचा गजर लावायच्या, आवाज पूर्ण वाढवून. एका खोलीत देवाचं नाव आणि त्याच खोलीत सुनेची किंकाळी. बायांनो, आपल्यापैकी किती जणींनी असा गजर लावला असेल, ते जिचं तिने आठवावं.

याच सुगंधाबाई साठाव्या वर्षी शिवण शिकल्या. तळमजल्यावर शर्ली नावाची बाई राहते, जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरातली, चाळीस वर्षं शिवणकाम केलेली. तिची शिकवायची रीत वेगळी. चिंध्यांवर सराव करायला ती देत नाही. म्हणते, तुझ्या घरात ज्याची गरज आहे तेच शीव. वाकडं झालं तर रोज डोळ्यासमोर राहील, मग आपोआप सरळ शिवशील.

सुगंधाबाईंनी पहिली शिवली ती राजेशच्या पखवाजाची गवसणी. टीप अशी नागमोडी की राजेशच हसून म्हणाला, "आई, ही गवसणी आहे की दिंडोशीचा रस्ता?" त्याही हसल्या. मग दोन उशांचे अभ्रे शिवले, कारण आधीच्या अभ्र्यांवरचे रक्ताचे डाग निघेनात. मग कपाटाला पडदा, कारण कपाटाची काच क्षमाच्या पाठीने फुटली होती. मग सोफ्याच्या फाटलेल्या हाताला खोळ. प्रत्येक वेळी टीप अधिक सरळ यायची आणि सुगंधाबाईंना वाटायचं, जमलं बाई आपल्याला.

मग तो गुरुवार आला. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतात, हे भजनातल्या लोकांना माहीत आहे. ती मळायचं काम क्षमाचं. त्या दिवशी कामावरून उशिरा आलेल्या क्षमाने ती घाईत सैल मळली. भजन रंगात आलं आणि पखवाज बोलेना, नुसता थपथप वाजू लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "राजेश, आज हात जेवला नाही वाटतं." सगळे हसले. राजेशही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा उतू जायच्या बेतात असताना, त्याने पखवाज ठोकायची हातोडी घेतली आणि क्षमाच्या डाव्या दंडावर घातली. एकदा नाही, तीनदा. प्रत्येक घावाला विचारलं, "कणीक मळता येत नाही? येत नाही?" सुगंधाबाई देवापुढे फुलं वाहत होत्या. त्यांनी हात लांब करून मोबाइल उचलला आणि गजर लावला.

आठवड्याने नात्यातल्या गंधालीचा साखरपुडा होता. सगळं गाव गोळा होणार आणि क्षमाच्या दंडावर काळंनिळं. सुगंधाबाईंनी उपाय काढला. सुनेला मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज आपणच शिवायचं. मे महिन्यात! क्षमाला समोर उभं करून त्यांनी टेप घेतली. शर्लीने शिकवलं होतं, बाईचे दोन्ही दंड मोजायचे, एकावर विसंबायचं नाही. शिकाऊ माणूस सांगितलेलं तंतोतंत करतो. टेप डाव्या दंडाला लागली तशी क्षमाने ओठ दातांत धरला, रक्त आलं, पण बोलली नाही. सुगंधाबाईंनी वहीत लिहिलं, उजवा दंड अकरा इंच, डावा दंड साडेतेरा. आणि ही वही घेऊन त्या खाली शर्लीकडे गेल्या. अडचण खरीच होती हो त्यांची. दोन दंडांची दोन मापं, कापायचं कोणत्या मापाने?

शर्लीने कापडावर खडू टेकवला होता. वही बघितली आणि खडू उचलला.

"सुगंधा, हे काय लिहिलंस?"

"मापं. तूच सांगितलंस ना, दोन्ही मोजायचे. आता मोठ्याने कापलं तर उजवी बाही लोंबेल."

"चाळीस वर्षं बाया मोजतेय मी. दोन दंडांत अर्ध्या इंचाचा फरक असतो, फार तर पाऊण. हे अडीच इंच कुठून आणलेस?"

"सुजलाय जरा. बाथरूममध्ये पडली."

"दंडावर पडली?"

शर्लीने वहीची आधीची पानं उलटली. अभ्रे, पडदा, खोळ, प्रत्येकाची मापं तिथे लिहिलेली होती. बोलताना तिचा आवाज वाढला नाही.

"मला वाटत होतं तू शिवण शिकतेस. तू पुसायला शिकत होतीस, सुगंधा. तो मोडतो, तू खोळ घालतेस. कापड होतं तोवर ठीक. आता बाईच्या हाडांना खोळ शिवून मागतेस?"

मग तिने आपली गोष्ट सांगितली. तिची धाकटी बहीण बेला कुर्ल्याला दिली होती. बेला तिच्याकडून उंच गळ्याचे फ्रॉक शिवून न्यायची. आधी शर्लीला ती फॅशन वाटली. नंतर गळ्यावरची बोटं दिसली, तरी ती शिवत राहिली, कारण बहिणीच्या घरात कसं बोलायचं. शेवटचा फ्रॉक तिने बेलाला शवपेटीत घातला.

"तोही उंच गळ्याचाच," शर्ली म्हणाली. "मी विचारलं असतं तर ती जगली असती का, मला नाही माहीत. पण मी विचारलं नाही. शिवलं."

"माझा एकच मुलगा आहे गं."

"म्हणूनच. पोलीस एक दिवस येतात, शेजारी एक तास येतात. तू चोवीस तास तिथे असतेस. हे ब्लाउज मी कापणार नाही आणि तुला कापू देणार नाही."

सुगंधाबाईंना राग आला. लोकांच्या घरात नाक खुपसू नको, असं सुनावून त्यांनी कापड गोळा केलं आणि जिना चढू लागल्या. दाराशी पोहोचल्या तेव्हा आतून आवाज येत होता. क्षमाने फक्त एवढंच म्हटलं होतं की हात उचलत नाही, एक्स-रे काढून येते. राजेश म्हणत होता, डॉक्टर विचारेल तेव्हा काय सांगशील? तोच सुजलेला हात पाठीमागे पिरगाळून त्याने तिला ओट्यावर दाबलं होतं. तिचा गाल सांडलेल्या गरम चहात होता. तिने मान वर करायचा प्रयत्न केला तशी त्याने हात आणखी वर ओढला, आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. क्षमा ओरडली नाही. ती ओट्याला घासत खाली बसली.

सुगंधाबाईंचा हात सवयीने मोबाइलकडे गेला. अंगठा गजरावर आला. आणि तिथेच त्या थांबल्या. माझ्या मते देव कुठे भेटत असेल तर तो अशा ठिकाणी भेटतो. त्या अंगठ्यापाशी.

त्यांनी मोबाइल टाकला, दार सताड उघडलं आणि जिन्यात उभ्या राहून, भजनात लावतात त्या खड्या आवाजात, गावच्या मालवणीत ओरडल्या, "बाहेर येवा! माझो झील सुनेक मारता! सगळे बाहेर येवा!"

तीन वर्षांत त्या घरातून बाहेर आलेली ही पहिली हाक.

राजेश धावत आला. आई, तमाशा करू नको, आत हो, म्हणत त्याने त्यांचा दंड धरून ओढलं. त्यांनी कठडा सोडला नाही. त्याने हिसका दिला आणि त्यांचं कपाळ लोखंडावर आपटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. आईला मारायचा त्याचा विचार नव्हता, हे तो पुढे खूपदा सांगत राहिला. पण हात एकदा सैल सुटला की तो सून आणि आई बघत नाही, हे त्या आईला तेव्हा कळलं.

"तमाशो तू केलंस," त्या म्हणाल्या. "आता गप रव."

समोरच्या अपूर्वाचं दार आधी उघडलं. मग वरचं, मग बाजूचं. खालून शर्ली गुडघे धरत चढत आली, हातातली कातर खाली ठेवायचीही तिला शुद्ध नव्हती. इतकी माणसं बघून राजेश भिंतीला टेकला. एवढा मोठा पुरुष, पण दारं उघडल्यावर केवढासा झाला!

हॉस्पिटलात कळलं, हाड दोन ठिकाणी मोडलंय. पोलीस चौकीत ड्यूटीवरच्या बाईसाहेबांनी विचारलं, कसं झालं? क्षमा नेहमीच्या सवयीने म्हणाली, "पडले." कपाळाला पट्टी बांधलेल्या सुगंधाबाई बाकावरून उठल्या.

"पडली नाय. माझ्या झिलान तिका मारल्यान. आजच नाय, तीन वर्सां. मी बघलंय. आणि मी झाकलंय, ताही लिवा."

बाईसाहेबांनी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, कोर्टात उभं राहून मुलासमोर हेच सांगाल?"

"सांगतलंय," त्या म्हणाल्या. म्हणजे, सांगेन.

पुढे सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. क्षमा बरी झाल्यावर बहिणीकडे मुलुंडला गेली. सासूने पाया पडायला हात पुढे केला तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. "आई, तुम्ही खरं बोललात त्याबद्दल मी ऋणी आहे," ती म्हणाली. "पण तो गजर अजून माझ्या कानात वाजतो. मला वेळ लागेल." तिचं बरोबरच होतं. राजेशवर खटला उभा आहे. नातेवाईक सुगंधाबाईंना लेकाची वैरीण म्हणतात. गुरुवारचं भजन चालू आहे, पण अर्धे टाळकरी यायचे थांबले. ज्या दिवशी तारीख असते त्या दिवशी त्या कोर्टात जातात, मुलगा समोर बसलेला असतो, त्या त्याच्याकडे बघतात आणि तेच सांगतात जे चौकीत सांगितलं.

तर मंडळी, यातून घ्यायचं ते इतकंच. मार झाकणारा हात मारणाऱ्या हाताला बळ देतो. घराची अब्रू पडद्याने राहत नाही, ती दार उघडल्याने राहते. शेजारून किंकाळी आली तर आवाज वाढवू नका, दार वाजवा. आणि मारणारा आपल्या पोटचा असेल तर आधी आपणच ओरडा. देवाच्या नावाने कोणाचं रडणं झाकू नका. देव ते नाव ऐकत नाही, तो रडणंच ऐकतो.

आता उठण्याआधी एक मागणं. रात्री देवापुढे हात जोडाल, स्वतःसाठी, लेकराबाळांसाठी मागून होईल, तेव्हा क्षणभर थांबा आणि सुगंधाबाईंची आठवण काढा. येत्या सोमवारी त्यांची तारीख आहे. मुलासमोर पुन्हा खरं बोलताना त्यांचा आवाज कापू नये, एवढंच त्यांच्यासाठी मागा.