बाराव्या गाडीची बैठक

मधल्यांचं खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं असायचं, पण स्कूटरच्या त्या कारखान्यात ते कुणालाच आठवत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी एका जुन्या साहेबांनी सगळ्या खात्यांतल्या माणसांची उंची, हात, पाय, मांड्या मोजून घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली. ती सरासरी नेमकी नकाशांच्या खोलीतल्या या लाजऱ्या कारकुनाच्या अंगावर बेतल्यासारखी बसली. ना उंच, ना बुटके, ना जाड, ना हडकुळे. तेव्हापासून ते ‘मधले’. नवी गाडी आखायचं ठरलं, की आधी त्यांना बोलावणं यायचं.

बोलावणं यायचं ते घोड्यावर बसायला. घोडा म्हणजे पाइप आणि प्लायवूडचा सांगाडा. त्याची बैठक वरखाली व्हायची, हँडल मागेपुढे सरकायचं, पाय ठेवायची फळी हवी तिथे घट्ट करता यायची. मधले त्यावर बसायचे, सुतारमामा स्क्रू पिळायचे, कुणीतरी आकडे उतरवून घ्यायचं, आणि त्या आकड्यांभोवती गाडी जन्माला यायची. निदान कागदावर तरी.

कारण रस्त्यावर जाणाऱ्या गाड्या दोनच. एक छोटी. तिच्यावर बसलं की गुडघे हनुवटीची चौकशी करायला येत आणि शेजारून ट्रक गेला की जीव मुठीत धरावा लागे. दुसरी मोठी, सोफ्याला इंजिन लावल्यासारखी. हमरस्त्यावर तिचा थाट मोठा, पण घरासमोरच्या बोळातून बाहेर काढायची तर शेजाऱ्याला हाक मारावी लागे. या दोहोंच्या मधली, दोन माणसं आणि एक पिशवी ऐसपैस मावेल, बोळात वळेल आणि लांबच्या गावालाही दमणार नाही अशी गाडी कारखान्यात अकरा वेळा आखली गेली आणि अकरा वेळा बारगळली. मग तिची फाइल मधल्यांच्या कपाटात यायची.

मधल्यांचा सगळा जीव त्या कपाटात. जेवणाच्या सुट्टीत डबा झाला की ते हात धुऊन, पुसून, पुन्हा एकदा पुसून एखादा नकाशा उलगडत. तिसरीला पायाशी झाकणाचा खण होता. सातवीचा दिवा हँडलवर नव्हताच, खाली पुढच्या चाकावर होता, वाकून वाट बघणाऱ्या माणसासारखा. नववीची चाकं इतकी मोठी, की आखणाऱ्यानं समासात लिहून ठेवलं होतं, “खड्डा आला तर खड्ड्यानं आपलं बघून घ्यावं.” रस्त्यावरच्या गाड्या गंजतात, कुरकुरतात, पुसायच्या राहतात. या अकरांपैकी एकीचाही आरसा कधी तुटला नव्हता. मात्र एकीवरूनही कुणी कधी भाजी आणायला गेलं नव्हतं, आणि हे आठवलं की मधले नकाशाची घडी जरा घाईनंच घालत.

सोमवारी सकाळी डिझाइन खात्याच्या प्रमुख मॅडम स्वतः त्यांच्या खोलीत आल्या.

“मधले, शुक्रवारी मोठे साहेब बारावी बघायला येतायत.”

“हो, मॅडम.”

“या वेळी नाही म्हणाले, तर मधली गाडी हा विषयच बंद. पुन्हा कुणी नाव काढायचं नाही, असं ठरलंय. मला एका पानात लिहून द्या, आधीच्या अकरा कशा पडल्या. फाइली तुम्ही वाचल्याच असतील.”

“हो,” मधले म्हणाले, आणि ते चक्क खोटं होतं.

नकाशे त्यांना पाठ होते. पण प्रत्येक गाडीचं लाकूड-मातीचं मॉडेल करून त्यावर दहा-बारा माणसांना अर्धा अर्धा तास बसवत आणि त्यांचे शेरे फाइलीच्या शेवटी लावत. ते शेरे मधल्यांनी कधी वाचले नव्हते. बारगळलेल्या गाडीचे शेरे वाचणं त्यांना शोकसभेत बसल्यासारखं वाटे. शिवाय आणखी एक गोष्ट त्यांनी मॅडमपासून लपवली. टेबलाच्या खणात ‘१२’ असा सुबक आकडा घातलेलं कोरं फोल्डर महिनाभर तयार होतं. आपल्याला जे आवडतं ते बारगळतंच, अशी त्यांच्या मनानं खूणगाठ बांधली होती.

दुपारी ते स्टुलावर बसून वाचू लागले. पहिलीचा शेरा होता, “दिसायला छान. पाठ भरून आली.” चौथीचा, “हँडल लांब वाटतं. का ते सांगता येत नाही.” सहावीवर कुणी लिहिलं होतं, “मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखं वाटतं.” आठवीवर, “पाय पुढे सोडायला जागा नाही.” दहावीवर एकच वाक्य, “उतरल्यावर बरं वाटलं.”

माणसं वेगळी, वर्षं वेगळी, गाड्या वेगळ्या, आणि तक्रार मात्र एकच. एकेक फाइल बांधून कपाटात गेल्यामुळे ती कुणालाच एकत्र दिसली नव्हती. मधल्यांनी विचार करत मान वर केली, तर समोर कपाटाच्या काचेत एक माणूस दिसला. पाठीला पोक, कोपरं सैल, एक पाय लांब सोडलेला. स्वतःला असं बसलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. घोड्यावर ते असे बसत नसत. घोड्यावर ते श्वास रोखून, पाठ ताठ करून, हात सरळ ताणून, पावलं जुळवून बसत. दर वेळी तसंच, म्हणून तर दर वेळी आकडेही बोटभरसुद्धा न बदलता तेच येत, आणि सगळे कौतुकानं म्हणत, मधले म्हणजे आपली फूटपट्टी.

अकरा गाड्या एका अवघडलेल्या माणसासाठी आखल्या गेल्या होत्या.

संध्याकाळी बायको नेहमीप्रमाणे छोटी स्कूटर घेऊन फाटकाशी आली. मधल्यांना गाडी चालवता येत नसे. ते मागे बसले.

“तुला एक विचारू? मी कसा बसतो गं?”

“कुठे?”

“म्हणजे घरी.”

“पोतं टेकवून ठेवल्यासारखे.”

“आणि लोकांसमोर?”

“लोकांसमोर त्याच पोत्यात बांबू घातल्यासारखे. लग्नातला फोटो बघा ना! फोटोवाल्यानं माझ्या दादाला बाजूला घेऊन विचारलं होतं, नवरदेवांच्या पाठीला काही झालंय का म्हणून.”

सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मधल्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. ती इतकी हसली, की दिवा हिरवा झालेला तिला कळलाच नाही आणि मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला.

“उद्या सांगून टाका,” गाडी सुटल्यावर ती म्हणाली.

“अगं, बावीस वर्षं. अकरा गाड्या. काय तोंडानं सांगू?”

“मग बारावी तरी वाचवा. त्या मॅडमसाठी नको, माझ्यासाठी वाचवा. या खेळण्यावर तुमचे गुडघे अजून किती वर्षं माझ्या बरगड्यांत खुपसून घेऊ मी?”

तोंडानं जमणार नाही हे ठाऊक असल्यानं मधल्यांनी ते लिहून नेलं. पान एकच होतं, आणि शेवटचं वाक्य असं, “सबब, वरील अकराही गाड्या पडण्यास प्रस्तुत कारकून स्वतः जबाबदार आहे.” दुसऱ्या दिवशी मॉडेलच्या खोलीत मॅडमनी ते दोनदा वाचलं.

“तुम्ही घोड्यावर श्वास रोखता?”

“पहिल्या दिवशी जुन्या साहेबांनी ‘हलू नका’ म्हणून सांगितलं होतं.”

“ते निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, मधले!”

“हो, पण ‘आता हला’ असं ते म्हणाले नाहीत.”

कोपऱ्यात रंधा मारणाऱ्या सुतारमामांनी रंधा खाली ठेवला. “म्हणजे इतकी वर्षं मी स्क्रू पिळत होतो ते पुतळ्यासाठी!”

मॅडमनी कपाळाला हात लावला. झाकून ठेवलेल्या बारावीच्या मॉडेलकडे पाहिलं. तीही त्याच आकड्यांवर उभी होती. तीन दिवसांत मॉडेल नव्यानं करणं अशक्य. मधल्यांना वाटलं, आता आपल्याला घरी पाठवणार. पण त्या म्हणाल्या, “बसा घोड्यावर. आणि कृपा करून आरामात बसा.”

मधले बसले, आणि सवयीनं ताठ झाले.

“सैल सोडा अंग.”

मधल्यांनी खांदे खाली सोडले, तर मान ताठ झाली. मान सोडली, तर पाय जुळले. मामा भोवती फिरत होते. “अहो, शर्टात हँगर राहिलाय का बघा. घरी काय दारामागे टांगून ठेवतात तुम्हाला?” मधले घामाघूम झाले. तासाभरानं मॅडमनी वही मिटली आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “ती खाली दिव्याची कितवी होती हो? सहावी?”

“सातवी,” मधले म्हणाले. “सहावीला दिवा वरच होता, पण तिची पाठ बघायला हवी तुम्ही. मागून बघितली तर एखादी बाई पदर सावरत वळतेय असं वाटतं. सातवीचं काय झालं, की आखणाऱ्यानं आधी पिशवीचा विचार केला. पिशवी मधोमध, मग दिवा कुठे जाणार? तर खाली. म्हणजे हे असं हँडल, आणि हे इथे...” त्यांचा एक हात हवेत चित्रं काढू लागला, दुसरा हँडलवर सैल पडला. कोपर वाकलं. कंबर मागे सरकली. सातवीवरून ते नववीवर गेले आणि पाय आपोआप पुढे सुटले.

पहिल्यांदा ते मामांच्या ध्यानात आलं. त्यांनी मॅडमना डोळ्यानं खुणावलं आणि वाकून, मांजराच्या पावलांनी, एकेक स्क्रू सैल केला. हँडल चार बोटं मागे आलं, बैठक दोन बोटं खाली, फळी वीतभर पुढे. मधले अकरावीपर्यंत पोचून थांबले, तेव्हा मॅडमचे आकडे लिहून झाले होते.

“मी फार बोललो का?” मधल्यांनी विचारलं.

“बावीस वर्षं उशिरा बोललात,” मॅडम म्हणाल्या. पण त्या हसत होत्या.

शुक्रवारी मोठे साहेब आले. झाकलेलं मॉडेल झाकलेलंच होतं. भिंतीवर बारावीचं नवं चित्र टाचलेलं, आणि त्यापुढे पाइप-प्लायवूडचा घोडा. मामांनी त्याच्या बैठकीवर नवं रेक्झिन चढवलं होतं, एवढाच काय तो थाट.

“गाडी कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“आज बघायची नाही, सर. बसायची,” मॅडम म्हणाल्या.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली, पण बसले. कोटाचं बटण लावून बसले. पाठ ताठ, हात ताणलेले, पावलं जुळलेली. आरशात बघावं तसं मधल्यांना दिसत होतं, की या माणसाला आता हँडल जवळ वाटणार, फळी लांब वाटणार, आणि दोन मिनिटांत हा उतरणार.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. त्या खोलीत ‘ठीक आहे’ अकरा वेळा ऐकलेलं होतं. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. मॅडमनी काही सांगायला तोंड उघडलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“साहेब,” मागून एक चिरका आवाज आला, “तुमची पहिली गाडी कोणती?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मधल्यांनीही वळून पाहिलं, कारण आवाज आपला आहे यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. मागे भिंत होती.

“माझी?” साहेब म्हणाले. “माझी कुठली! थोरल्या ताईची होती.”

आणि ते थांबले. मधल्यांना वाटलं, संपलं. पण साहेब घोड्याच्या हँडलकडे बघत होते.

“पिवळी. खरं म्हणजे पिवळी नव्हती, तिनं घरीच रंगवली होती, ब्रशानं. ती दुपारी झोपली की मी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचो, म्हणजे आवाज नको. एकदा उतारावर ब्रेकच सापडेना...” त्यांचं उजवं पाऊल नसलेला ब्रेक शोधू लागलं. “सरळ दुधवाल्याच्या सायकलवर! ताईनं विचारलं, हा पोचा कसा आला? म्हटलं, उन्हानं.” ते स्वतःच हसले. कोटाचं बटण कधीच निघालं होतं. पाठ वाकली होती, कोपरं सैल होती, आणि दोन्ही बूट फळीच्या टोकाशी पसरलेले होते, बरोबर तिथे, जिथे मधल्यांचे पाय पसरले होते.

चहा आला. साहेबांनी तो घोड्यावरच घेतला. फोन वाजला. “नंतर करतो,” ते म्हणाले, “मी जरा बसलोय.” खोलीतलं कुणीही एकमेकांकडे बघत नव्हतं. पंचवीस मिनिटांनी ते उतरले, चित्रापाशी गेले, परत येऊन बैठकीवरून हात फिरवला.

“ही चालेल कधी?”

“चालवायची म्हटली तर...” मॅडम सुरू झाल्या.

“म्हटली,” साहेब म्हणाले. “एक चालती बनवा. मी चालवून बघणार. पुढचं पुढे.”

अकरांपैकी एकीच्याही वाट्याला ‘चालती’ हा शब्द आला नव्हता. साहेब गेल्यावर मामांनी मधल्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला, की त्यांचा उरलासुरला ताठपणाही गेला. खोलीत जाऊन मधल्यांनी ‘१२’चं कोरं फोल्डर खणातून काढलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि छत्रीचं पाणी टिपायला म्हणून कोपऱ्यात अंथरलं.

संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. साहेबांना काय विचारलं ते दोनदा सांगितलं.

“तुम्ही विचारलंत?” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर?”

“निघून गेलं तोंडातून.”

“बरं झालं. आणि मागची बैठक? तिचं माप कुणाचं?”

बावीस वर्षांत मागच्या बैठकीचं माप कुणी घेतलंच नव्हतं. रोज मागे बसणाऱ्या मधल्यांनीही नाही.

“सोमवारी तूच ये,” ते म्हणाले. “तू पुढे बस, मी मागे. रोजच्यासारखं. मॅडमना सांगतो मी.”

“मी? माप द्यायला?”

“त्यात काय आहे? नुसतं बसायचं.”

चारचौघांत कधी न बिचकणाऱ्या त्या बाईची पाठ हळूहळू ताठ होत गेलेली मधल्यांना मागून अगदी स्वच्छ दिसली.