निळं पाणी

जैनथच्या बाहेर, सोयाबीनच्या शेतांना लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुवर्णा तीन वर्षं एकाच दगडाशी झगडत होती. दगडात तांबं होतं, पण शंभर किलोंत जेमतेम अर्धा किलो. भट्टीला ते परवडणारं नव्हतं. म्हणून दगड फोडून उंच पाइपात भरायचा, वरून पातळ अ‍ॅसिड थेंबथेंब सोडायचं आणि खाली तांबं विरघळून आलेलं पाणी धरायचं, असा प्रयोग चालला होता. पण दगडात चुना फार. अ‍ॅसिड तांब्यापर्यंत पोचायच्या आत चुनाच ते पिऊन टाकी, आणि बारीक माती वाटा बुजवी. सुवर्णाच्या पाइपातून यायचं ते नावापुरतं निळसर पाणी.

मग जूनमध्ये मुधोळची रंजीता तिथं कामाला लागली. तिनं चुन्याचे पांढरे खडे वेचून काढले, उरलेला चुरा अ‍ॅसिडपाण्यात ओलावून त्याच्या गोळ्या वळल्या, दोन दिवस मुरू दिल्या आणि मग पाइप भरला. आठवड्याभरात खाली मोराच्या मानेसारखं निळं पाणी उतरलं.

"याले म्हणतात डोकं!" प्रकल्पाचे प्रमुख यशवंतराव पाहुण्यांना म्हणाले. सुवर्णा शेजारीच उभी होती. तिच्या पाइपाकडे कुणी मानही वळवली नाही.

"ताई, तुमच्या जुन्या वह्या वाचल्या म्हणून जमलं मले," रंजीता नंतर म्हणाली. ते खरं होतं, म्हणूनच सुवर्णाला जास्त झोंबलं. तीन वर्षं आपण लिहिलं ते हिनं तीन आठवड्यांत वाचून काढलं! त्या दिवशी तिला डबा गोड लागला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, शेडवर सुवर्णाची पाळी होती. रंजीताच्या पाइपावरच्या अ‍ॅसिडच्या नळीच्या तोंडाशी पांढरा थर बसला होता. थेंब थांबले होते. टाचणीनं खरवडलं असतं तर दोन मिनिटांचं काम. सुवर्णा स्टुलावर चढली, नीट पाहिलं आणि तशीच खाली उतरली.

मंगळवारी रंजीता आली तेव्हा पाइपातल्या गोळ्यांचा वरचा थर वाळून कडक झाला होता. पुन्हा सोडलेलं अ‍ॅसिड कडेकडेनं वाहून जाई, आत भिनेना. दोन महिन्यांची मेहनत गेली.

"नळी नीट बसवता येत नाही?" यशवंतराव तिच्यावर ओरडले. ती खाली मान घालून उभी राहिली. सुवर्णाला वाटलं होतं, आता जिवाला गारवा मिळेल. तो मिळाला नाही.

"तिची चूक नाही साहेब," ती म्हणाली. "रविवारी मी पाह्यलं होतं. काढलं नाही."

रंजीतानं मान वर केली. "काऊन ताई?"

"तुले जमलं म्हणून."

यशवंतरावांनी सुवर्णाच्या पाळ्या बंद केल्या आणि रंजीताला नवा पाइप भरून देण्याचं काम तिच्यावर टाकलं. पंधरा दिवस दोघी एका घमेल्यावर वाकून गोळ्या वळत होत्या. रंजीता कामापुरतं बोले, तेही 'मॅडम' म्हणून. सुवर्णानं तक्रार केली नाही.

दसऱ्याच्या आसपास पुन्हा निळं पाणी आलं, पहिल्यापेक्षाही गडद. यशवंतरावांनी रंजीताला हाक मारली. सुवर्णाच्या छातीत तीच जुनी कळ उठली. तिनं हातमोजे काढले, आणि निळ्या पाण्याची बरणी धरायला रंजीताला जागा करून देत ती बाजूला सरकली.